खिशातला फ्यूज

"काका, आज तुम्ही नुसते बसा. काम मी करते," आबांची सून मला म्हणाली, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

तीस वर्षं मी या गावाच्या तारा जोडतोय. माझ्याआधी माझा बाप जोडायचा. मला नावानं कुणी हाक मारत नाही, वायरमन म्हटलं की झालं. पंप अडला, बोलवा वायरमनला. दिवा लुकलुकला, बोलवा वायरमनला. नवराबायकोचं भांडण झालं तरी आधी माझ्याकडे बघतात, अंधार यानंच केला असेल म्हणून. आणि ही परवा परवा घरात आलेली पोरगी मला म्हणते, नुसते बसा.

बसलो. विहिरीच्या कठड्यावर बसलो, पाय हलवत.

आबांची रोपवाटिका गावाच्या खालच्या अंगाला आहे. कोबी, टोमॅटो, वांगी, सगळ्यांची रोपं तिथूनच जातात. त्या दिवसांत हवा फार वाईट पडली होती. ढग येऊन डोक्यावर बसायचे, चार थेंबही टाकायचे नाहीत आणि हलायचेही नाहीत. वारा बंद. चिकण मातीला अशा भेगा पडल्या होत्या की चप्पल अडकून माणूस पडावा. रोपं दुपारी माना टाकायची, आणि आबा दिवसातून आठ वेळा पंपाचं बटण दाबायला पळायचे. सहासष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला. सुनेचा नवरा ट्रकवर, महिना महिना घरी नाही, त्यामुळं सासऱ्याची ही पळापळ सुनेनंच बघितली आणि तिनंच पेटी करायला घेतली. माती सुकली की पंप आपोआप चालू, भिजली की आपोआप बंद. कुठल्या वेळी किती ओल हवी ते तिच्यात भरून ठेवावं लागतं, आणि वीज गेली की ते पुसलं जातं. मध्ये मायक्रोकंट्रोलर नावाची बोटभर हिरवी पट्टी, आणि तिच्या शेजारी रिले, मोटारीची तार जोडणारी-तोडणारी निळी डबी.

"बघ रे वायरमन," आबा म्हणाले, "आमच्या सूनबाईनं काय केलंय."

"बघतोय की," मी म्हणालो. "उथळ पाण्याला खळखळाट फार."

तिनं ऐकलं, पण हसून सोडून दिलं. हे मला आणखी लागलं.

काम मात्र ती निगुतीनं करत होती, आता खोटं कशाला बोलू. पेटीत तिनं मधोमध एक फळी उभी केली होती. अलीकडे पाच व्होल्टचा कारभार, पलीकडे घरच्या विजेचा, आणि एकाची तार दुसऱ्याकडे फिरकू द्यायची नाही. रिलेला वीज वेगळ्या पुरवठ्यातून दिली. "पट्टीच्या पायात तेवढा जोर नसतो काका, तिच्यावर भार टाकला की ती जळते." रिले तीस अँपिअरचा घेतला होता, कारण मोटार अर्ध्या हॉर्सपॉवरची असली तरी उठताना हिसका मारते. रिलेला तीन स्क्रू असतात. त्यातले दोन तिनं असे निवडले की पेटी मेली तर पंप बंदच राहावा. आणि वीज गेली-आली की पट्टी जागी होताना रिले उगाच टकटक करतो, म्हणून आधी रिलेला गप्प बसवायचं आणि मग बाकीचं, असं तिनं त्या पट्टीला शिकवलं होतं.

मोटारीऐवजी आधी बल्ब लावून बघितला. टक झालं, बल्ब लागला. टक झालं, विझला. आबांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिनं खांबावरच्या बोर्डातून फ्यूज काढून घेतला आणि मोटारीकडं जाणाऱ्या दोन तारा हातात धरल्या. एक लाल, एक काळी. जुन्या, मळलेल्या, पण रंग कळत होते.

इथं तुम्हाला गावाची एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या बापानं गावात पहिली वीज आणली तेव्हा त्याला काळी तार जाड मिळाली आणि लाल बारीक. त्यानं विचार केला, गरम वीज जाड तारेतून न्यावी. म्हणून त्यानं काळी गरम केली, म्हणजे झटका देणारी, आणि लाल थंड. एका घरात केली, मग सगळीकडं तशीच केली, चुकायला नको म्हणून. जगात लाल गरम असते, आमच्याकडं काळी. शेंबडं पोरही जाणतं, काळीला हात लावायचा नाही. कुठं लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरजच कधी पडली नाही, कारण बाहेरचं कुणी येऊन आमच्या तारा जोडतच नव्हतं.

ती बाहेरची होती.

"काका, तुमचा टेस्टर द्या ना जरा. माझा सापडत नाही."

टेस्टर माझ्या खिशात होता. त्याची टोपी मांडीला टोचत होती.

"त्याचा दिवा गेलाय," मी म्हणालो.

"मग तुम्हीच सांगा, लालच गरम ना?"

आबा त्याच वेळी शेडकडं वळले होते, पाणी आणायला. माझ्याकडं बघणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "सगळ्या जगात असते तीच. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला मी काय सांगणार?"

तिनं मान हलवली आणि लाल तार कापून रिलेच्या स्क्रूंमध्ये बसवली.

मला काय वाटलं होतं ते स्पष्ट सांगतो. पंप चालू-बंद होणार हे मला ठाऊक होतं. थंड तार तोडली तरी मोटार थांबतेच, बल्ब विझतोच. फक्त मोटार थांबलेली दिसते, मेलेली नसते. गरम तार तिच्या पोटात तशीच बसून राहते. मला वाटलं, दोन दिवसांत कुणाच्या तरी बोटाला विजेचा चिमटा बसेल आणि ही मुकाट्यानं माझ्या दारात येईल, काका जरा बघता का म्हणून. एक चिमटा, एवढंच मला हवं होतं. त्याहून जास्त काही हवं होतं असं कुणी म्हणालं तर मी भांडेन.

जाताना तिनं आणखी एक सांगितलं. "काका, मोटारीची अर्थिंगची तार कुजून तुटलीय. तेवढी नवी टाकाल? ते काम तुमचंच."

"येतो की उद्या," मी म्हणालो.

*

चिमटा बसला नाही. उलट गावभर वाहवा झाली. आबा रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून आणायचे, पेटीपुढं उभा करायचे आणि म्हणायचे, थांब, आता बोलेल. टक. बोलली! जणू नातू बोलायला लागला. चार-पाच जणांनी आपल्याकडंही अशी पेटी बसवायची म्हणून सुनेला विचारलंसुद्धा. माझ्याकडं कुणी वळेना.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या दारावरून चाललो होतो. आबांची बायको ओट्यावर बसून त्यांच्या बोटांना तेल चोळत होती.

"काय झालं वहिनी?"

"अहो, यांच्या हाताला मुंग्या येतात. वय झालं, दुसरं काय."

"वय नाही गं," आबा म्हणाले. "मोटारीच्या लोखंडी नळीला हात लावला की येतात. कोपरापर्यंत चढतात. गंमत म्हणजे मोटार चालू असताना कमी, आणि बंद असताना जास्त."

त्या दमट विहिरीत जुनी मोटार घाम धरते, तिच्या अंगातून वीज झिरपते, आणि जायला अर्थिंग नाही. मग ती नळीत येते आणि हात लावणाऱ्याची वाट बघते. मी एकच वाक्य बोलायचं होतं. आबा, काळी गरम आहे, सूनबाईला सांगा. तोंड उघडलं तेवढ्यात सूनबाई बाहेर आली.

"काका, अर्थिंग कधी टाकताय? मी वाट बघतेय."

"येतो की उद्या."

"आणि आबा, मोटारीला हात लावायच्या आधी फ्यूज काढत जा. पेटीवर विसंबू नका, मी सांगून ठेवते."

"हो गं बाई," आबा म्हणाले.

मी वाक्य गिळलं. आज सांगितलं तर ती विचारणार, त्या दिवशी का नाही सांगितलं? आणि टेस्टर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. तिनं माझ्या खिशाकडं नुसतं बघितलं तरी मला वाटायचं की हिला दिसला.

त्यानंतर माझी झोप आणि जेवण दोन्ही गेलं. डोक्यावरचे ढग अजून तसेच होते. कुत्री सावलीला पडून नुसती धापा टाकायची. आठव्या दिवशी ऐकलं, आबांची शेळी पाइपाच्या गळक्या सांध्याशी पाणी प्यायला गेली आणि उडी मारून मागं फिरली, आता तिकडं जात नाही. आबा हसून सांगत होते, शेळीसुद्धा पेटीला घाबरते म्हणून. मी पण हसलो. माझं ते हसू मला आठवलं की आजही तोंड धुवावंसं वाटतं.

म्हणाल, आपणहून जाऊन गुपचूप तार बदलून यायची होती. गेलो होतो. नवव्या दिवशी पकड घेऊन गेलो. तर पेटीला कुलूप. किल्ली तिच्या कमरेला. पेटीत कुणी हात घालू नये म्हणून तिनंच लावलेलं. तिनं जे जे नीट केलं होतं ते ते माझ्याच आडवं येत होतं.

*

आमच्याकडं विहिरीत उतरायची एक रीत आहे. मोटारीची जाळी गाळानं बुजली की कुणीतरी लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरतं आणि साफ करतं. उतरणारा माणूस आधी बोर्डातला फ्यूज उपसतो आणि आपल्या खिशात घालतो. दुसऱ्याच्या हातात देत नाही, कठड्यावर ठेवत नाही. त्याच्या खिशात. मग अंगातला शर्ट काढून खांबाच्या खुंटीला टांगतो. शर्ट दिसला की समजायचं, खाली माणूस आहे आणि वर वीज नाही. ही रीतही माझ्या बापाचीच. रंग त्यानं उलटे केले, पण त्याच्या हयातीत गावात कुणी विजेनं मेलं नाही, ते या फ्यूजमुळं.

अकराव्या दिवशी दुपारी मी वरच्या मळ्यात खांबाला शिडी लावून चढलो होतो. तिथून आबांची विहीर दिसते. सहज नजर गेली. खुंटीला शर्ट टांगलेला होता. आबांचा, निळ्या चौकड्यांचा.

आणि फ्यूज जागेवर असला की लागणारा पेटीवरचा हिरवा दिवा चालू होता.

ही दोन्ही एकाच वेळी या गावात कधी कुणी बघितलेली नव्हती.

शिडीवरून मी कसा उतरलो ते ठाऊक नाही. गुडघा सोलला हे नंतर कळलं. मधल्या वावरातून पळालो, भेगांमधून दोनदा पडलो. मनात एकच हिशेब चालला होता. वरून तळापर्यंत सव्वीस पायऱ्या. आबांचा गुडघा दुखरा. एका पायरीला किती वेळ? शेवटच्या पायरीवर पाणी घोट्याला लागतं. तिथं उभं राहून डावा हात नळीला धरायचा आणि उजव्यानं जाळी ओढायची. सगळे तसंच करतात. पाय पाण्यात आणि हात नळीला.

बोर्डाशी पोहोचलो आणि फ्यूज हिसडून काढला. हिरवा दिवा गेला. मी कठड्यावर पोट टाकून खाली बघितलं. काही दिसेना, उजेडातून आल्यामुळं नुसता काळोख. मी हाक मारली नाही. हाकेला उत्तर आलं नाही तर काय, ही भीती वाटली.

मग खालून आवाज आला. "कोण आहे रे ते गाढव? फ्यूजचा खटका ऐकला मी."

मी कठड्यावर आणखी वाकलो.

"आबा, कुठं आहात?"

"कुठं म्हणजे? शेवटून तिसऱ्या पायरीवर. पाय वळला म्हणून जरा टेकलो होतो. फ्यूज का काढलास? पेटीची वेळ पुसली जाते. पोरीला परत सगळं भरत बसावं लागतं!"

"फ्यूज न काढता उतरलात?"

"पंप बंद केलाय की मी पेटीच्या बटणानं. आमच्या सूनबाईची पेटी आहे ती. बंद म्हणजे बंद."

तिनं त्यांना बजावून सांगितलं होतं. आणि तिला परत मेहनत पडू नये म्हणून, तिच्यावरच्या विश्वासानं, आबा फ्यूज न काढता मरणाच्या दोन पायऱ्या वर बसून पाय चोळत होते. मी रडलो. कठड्याला तोंड टेकून रडलो, आणि आबा खालून शिव्या देत वर आले.

*

आरडाओरडा ऐकून सूनबाई धावत आली. तिनं आधी आबांकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या फ्यूजकडं.

"काय झालं काका?"

मी आबांना कठड्यापासून लांब बसवलं. "कुणी हलू नका," म्हणालो. फ्यूज परत बोर्डात घातला. पेटीवर हिरवा दिवा आला. पंपाचं बटण बंदच होतं, मोटार गप्प. तिच्याकडून किल्ली मागून पेटी उघडली. मग खिशात हात घातला आणि टेस्टर काढला.

मोटारीकडं जाणाऱ्या काळ्या तारेच्या स्क्रूवर टेकवला. टेस्टरच्या पोटात नारिंगी दिवा लख्ख लागला.

"मोटार बंद आहे," मी म्हणालो. "आणि तिच्यात वीज आहे. आमच्याकडं काळी गरम असते सूनबाई. माझ्या बापापासून."

मला वाटलं ती तारेकडं बघेल. ती टेस्टरकडं बघत होती.

"याचा दिवा गेला होता ना?" ती म्हणाली.

कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही.

"किती दिवस ठाऊक होतं तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून."

आबांना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी आपली बोटं डोळ्यांपुढं धरली आणि उलटसुलट करून बघितली. मुंग्या येणारी बोटं. मग माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्या दारात उभं राहून तू विचारलंस रे, काय झालं वहिनी म्हणून."

सूनबाई रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मीही दुसरा टेस्टर मिळेपर्यंत थांबायला हवं होतं. विचारून भागवलं, ती माझी चूक." मग फ्यूज उपसून तिनं लाल तार जोडून टाकली, काळी कापली आणि रिलेत बसवली. माझा टेस्टर माझ्या हातातून घेतला. फ्यूज घालून तपासलं. बटण बंद, टेस्टर अंधार. चालू, उजेड. बंद, अंधार. पाच वेळा केलं. मग मला अर्थिंगची तार आणायला पाठवलं, आणि जे उद्या उद्या म्हणत अकरा दिवस राहिलं होतं ते माझ्याकडून तासाभरात करून घेतलं.

दुपार कलली. ढग आणखी खाली आले होते. पंप चालवून बघितला तर पाणी करंगळीएवढं येत होतं.

"जाळी अजून बुजलेलीच आहे," ती म्हणाली. "आबा उतरणार नाहीत. तुम्ही उतरा."

"उतरतो," मी म्हणालो. शर्ट काढला, खुंटीला टांगला. बोर्डाशी गेलो तर फ्यूजची जागा रिकामी.

तो तिच्या मुठीत होता.

मी हात पुढं केला. आमची रीत आहे, उतरणाऱ्याच्या खिशात. हे तिला आता ठाऊक होतं, आबांनीच तिला शिकवलं असणार.

"हा माझ्याकडं राहील," ती म्हणाली.

मी आबांकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते.

उतरलो. सव्वीस पायऱ्या. खाली गार होतं, गाळाचा वास होता, आणि वर बांगडीएवढं आभाळ उरलं होतं. तिचं डोकं कठड्यावरून दिसत होतं, तोंड दिसत नव्हतं. शेवटच्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं. मी डावा हात उचलला आणि तो तिथंच अधांतरी राहिला.

"सूनबाई," मी वर हाक मारली, "फ्यूज कुठं आहे?"

पाण्यावर एक थेंब पडला, तेवढाच आवाज.

"जगात असतो तिथंच," ती म्हणाली. त्या दिवशीचं माझंच उत्तर.

मला टक असं ऐकू येतंय का म्हणून मी कान दिला. खूप वेळ दिला. माझ्या बापानं सांगितलेला एकही देव मी त्या वेळी सोडला नाही. मग डोळे मिटले आणि नळीला हात लावला.

थंडगार होती. मी जाळी ओढली आणि साफ करायला लागलो.